मोजणी सगळ्या गायरानाची

"युद्धात व्यापलेल्या परक्या प्रदेशातल्या वसाहतींबद्दल भारत सरकारची भूमिका काय?"

नगरच्या एका स्पर्धा परीक्षा अकॅडमीत माझा मॉक इंटरव्ह्यू चालला होता. मी उत्तर दिलं, "त्या बेकायदा आहेत, सर. दुसऱ्याची जमीन व्यापून तिथं आपली माणसं, सेटलर, वसवता येत नाहीत."

पॅनेलवर एक निवृत्त तहसीलदार होते. आमच्याच गावचे. ते हसले. "आणि गायरानात वसवता येतात का? आमच्या गावची आहे ही. आजोबापासून अतिक्रमण. सेटलर मॅडम!"

पॅनेल हसलं. मागं बसलेली पोरं हसली. मी "थँक्यू सर" म्हणाले. त्या थँक्यूची मला अजून घाण वाटते.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच हाय त्यांचं. कागुद कुठं हाय आपल्याकडं?"

कागद नाही. पण माझ्या आजोबानं फौज आणून कुणाला हुसकलं नव्हतं. गावानं गावात जागा दिली नाही, म्हणून माळावरचे दगड वेचून त्यानं खोपट घातलं.

माहितीच्या अधिकारात अतिक्रमणाची यादी मागवली. आमची बौद्धवस्ती होती, घरटी नावानिशी. तहसीलदारांचा बंगला नव्हता. त्यांची डाळिंबाची बाग नव्हती. दोन्ही त्याच गायरानात. सरकारची भूमिका तेव्हा मला नीट कळली.

मी अर्ज केला. मोजणी करा, सगळ्या गायरानाची. आमच्या सोनईहून तालुक्याला इतके हेलपाटे घातले की शिपाईसुद्धा मला बघून तोंड फिरवायचा. शेवटी मोजणीवाले आले. हद्दीची खूण बंगल्याच्या मागं, पार त्यांच्या विहिरीपलीकडं निघाली. अख्खा बंगला गायरानात.

दुसऱ्याच दिवशी तहसीलदारसाहेब आमच्या दारात. जन्मात पहिल्यांदा.

"पोरी, अर्ज मागं घे. तुमच्या घरांचं मी बघतो."

आई चहा ठेवायला उठली. मी तिचा हात धरला. बसा म्हणाले नाही. उन्हात उभं ठेवलं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. लपवत नाही.

"न्हाई घेणार," मी म्हणाले.

ते गेल्यावर आई रडली. "आपलंबी पाडतील गं."

पाडतील. मला माहीत आहे. आमच्या घरांसाठी मी कोर्टात उभी राहीन, शेवटच्या भिंतीपर्यंत लढेन. पण पहिली नोटीस त्यांच्या फाटकावर लागली पाहिजे. उद्या कलेक्टर कचेरीत जातेय. तिथं नाही झालं तर मुंबईला. त्यांचा पोर्च कोसळेल तेव्हा मी समोर उभी असेन, आणि मला दया येणार नाही.