चारठाण्याचा तिरपा पाट

परभणीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मनमाडपासूनची निम्मी धूळ माझ्या अंगावर होती. रेवसला बोटीत बसताना आईनं एकच गोष्ट तीनदा बजावली होती, "वाटेत कुणाकडचं मटण खाऊ नकोस." मी तिशी ओलांडलेला शाळामास्तर, पण आईच्या लेखी अजून पाटी-दप्तरातच होतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागकडे आम्हाला 'शनवार तेली' म्हणतात (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली). आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, पोथ्या बुडाल्या, भाषाही विसरली, शनिवार तेवढा हाती राहिला, अशी आमच्याकडची गोष्ट. असा मी मराठवाड्यात निघालो तो मित्राच्या पत्रामुळे. वसंतराव आणि मी ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहत होतो. आता तो जिंतूरच्या शाळेत होता. त्यानं लिहिलं होतं, "चारठाण्याच्या दवाखान्यात एक जर्मन डॉक्टरीणबाई आहेत. घराणं ख्रिस्ती, पण मूळचं तुमच्यातलं. त्यांना तुमच्या धर्मातल्या जाणत्या माणसाला काही विचारायचंय. मला तुझ्याशिवाय दुसरा ज्यू माहीत नाही, तेव्हा जाणता तूच."

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. स्टेशनाच्या पाटीवरची उर्दू अक्षरं अजून तशीच होती, आणि लोकांच्या बोलण्यातली 'फुरसत' आणि 'मालूम'ही. जिंतूरची सर्व्हिस मोटर बोरी गावाच्या अलीकडे तापून उभी राहिली. ड्रायव्हरनं उतारूंकडची पाण्याची भांडी गोळा केली आणि माझ्या फिरकीच्या तांब्यातलं कोकणचं पाणी मराठवाड्याच्या इंजिनात गेलं. बाभळीखाली बसलो, तर शेजारी घोंगडीवाले एक आजोबा होते.

"कुनीकडं निघालाव?"

"चारठाण्याला. जर्मन बाईंकडे."

"लोताबाईकडं? लय भारी बाई! मानसं बी बगती आन आमची मेंढरं बी. म्हनती, दवा येकच हाय, मातरा निराळी." आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला काय झालंय?"

मला काही झालेलं नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शुक्रवारची रात्र आणि शनिवार वसंतरावाकडे काढले. रविवारी सकाळी त्याच्या शेजाऱ्याच्या छकड्यातून (लहान बैलगाडीतून) आम्ही चारठाण्याला निघालो. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी होती. गावात शिरण्याआधीच एक उंच कोरीव दगडी खांब दिसला. जुन्या देवळांचे दगड गावभर विखुरलेले, आणि त्यांच्यावर लोक खुशाल लुगडी वाळत घालतात. मला ते आवडलं.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. लोटेबाई (गावानं त्यांची लोताबाई केली होती) पडवीत एका पोराच्या कानात पिचकारी मारत होत्या. पिकलेले केस, जाडा चष्मा, सुती लुगडं आणि पायात पुरुषी बूट. वसंतरावानं ओळख करून दिली तशा त्या म्हणाल्या, "आलाव का? बसा. ह्याचा कान झाला की येतेच." ती जर्मन घशातली मराठवाडी ऐकून मी हसू दाबायला खोकलो, तर त्यांनी माझी जीभच बाहेर काढायला लावली.

चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे पणजोबा पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव विकायचे आणि शनिवारी घरी बसायचे. आजोबा वकील झाले, हुशार निघाले. पण न्यायाधीशाच्या खुर्चीवर ज्यू बसवत नसत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं. आजीनं घेतला, मुलांनी घेतला. खुर्ची मिळाली. पुढं दर रविवारी चर्च, नाताळात छताला टेकणारं झाड. वडिलांना तर पहिल्या महायुद्धात पदक मिळालं.

"मग हिटलरची मानसं आली आन म्हनाली, आजा-आजी कोन होते ते दाखवा. बाबा म्हनाले, कागदात चूक हाय, मी हापिसात जाऊन बोलतो." बाईंनी कप खाली ठेवला. "गेले. वापस आले न्हाईत."

बाई स्वतः सुटल्या त्या वैद्यकीच्या कॉलेजातल्या एका हैदराबादी मैत्रिणीनं बोलावल्यामुळे. धाकटा भाऊ पॅलेस्टाइनला गेला. तो आता हैफाला होता, एकटा, हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. दर महिन्याला पत्र धाडायचा, ये म्हणून. "मला जावं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पन कोन म्हनून जाऊ? जर्मनीत ख्रिस्ती होतो तर ज्यू म्हनून हाकललं. आता ज्यू म्हनून दारात उभी ऱ्हाऊ, तर मला येक प्रार्थना येत न्हाई. माझ्या आजानं खुर्चीसाठी नाव टाकलं. मी भावासाठी उचलू? ते बी खोटंच की. मास्तर, तुमी सांगा, माझ्यात ज्यू असं काय उरलंय?"

इथं मी मास्तरकी केली. त्याची आजही लाज वाटते. मी चक्क परीक्षा घेतली. शमा येतं का (आमची मुख्य प्रार्थना)? नाही. उपासाचा मोठा दिवस कोणता? माहीत नाही. शनिवारी घरी काय करायचे? "अंघोळ," बाई म्हणाल्या. वसंतराव मला कोपरानं ढोसत होता, पण मी थांबलो नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "नापास?" मी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "आसू द्या," त्या म्हणाल्या. "भावाला लिहिते, जमत न्हाई म्हनून. जेवायला चला."

मी हात धुवायला उठलो.

स्वयंपाक गंगाबाई करायच्या. त्या धनगराच्या, नवरा मेंढरामागं, त्या स्वतः बाईंकडे. त्यांनी भाकरी, ठेचा, येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) वाढली आणि मग मटणाचं पातेलं आणलं. मी ताटावर हात आडवा धरला.

"काहून? मटन खात न्हाई?"

"खातो, पण बाहेरचं नाही. आमच्यात तशी रीत आहे."

गंगाबाईंना ते चांगलंच झोंबलं. "बाहेरचं म्हंजी? आमच्या घरचं बकरू हाय, मुलान्यानं कापलंय. आन मी काय तसंच शिजीवलं व्हय? आदी पान्यात भिजीवलं. मग मीठ चोळून घंटाभर पाटावर ठिवलं. सगळं रगत निथळून गेलं. मग तीन पान्यानं धुतलं. तवा कुटं चुलीवर चढलं. ह्या गावात इतकं कोन करतंय?"

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बाईनी. मी इचारलं काहून, तर म्हनल्या, आमच्यात असंच करत्यात."

मी लोटेबाईंकडे पाहिलं. "ती आजीची रीत," त्या सहज म्हणाल्या. "रविवारी चर्चातून आली की टोपी काढायची आन आदी मीठ बगायची. मटन मऊ व्हतंय त्यानं."

"बाई, मऊ होण्यासाठी नाही. रक्त खायचं नाही म्हणून. माझी आई अलिबागला अगदी हेच करते. पाणी, मीठ, तास, तीन पाणी. पाटसुद्धा तिरपा लागतो, रक्त वाहून जायला."

गंगाबाईच उठून पाट घेऊन आल्या. साधा बाभळीचा पाट, पुढचे दोन पाय आखूड. "हा बगा. सुतारानं मुद्दाम बराबर करून दिल्ता, त्याला वाटलं चुकलंय. बाईनी वापस धाडला, म्हनल्या तिरपाच पायजे."

लोटेबाईंनी पाट मांडीवर घेतला. त्याच्या आखूड पायांवरून बोटं फिरवली. मग चष्मा काढला आणि लहान मुलीसारख्या रडल्या. गंगाबाईंना कारण कळलं नाही, तरी त्यांनीही डोळ्याला पदर लावला.

"आजानं समदं टाकलं," पाट तसाच धरून बाई म्हणाल्या. "आन आजीनं त्याला इचारलंच न्हाई." मग रडतारडताच हसल्या. "जल्मभर त्याच्याच ताटात वाढलं की!"

मग त्यांनी गंगाबाईंच्या हातून एक फोड घेतली आणि फार सावकाश खाल्ली. मी ठेच्याशी भाकरी खाल्ली. कापणारा मुलाणी होता, आमचा माणूस नव्हता. नियम तो नियम. निघताना बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मास्तर, पेपर तुमी कडक काढला व्हता. पन इषय चुकला."

परतीच्या वाटेवर, अगदी बोटीतसुद्धा, मला अलिबागचा किनारा दिसेपर्यंत तो पाटच दिसत होता.

घरी आल्यावर आईला सगळी हकिगत सांगितली. ती निवडत होती ते तांदळाचं सूप खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मग तू खाल्लंस ना?"

"नाही. तूच बजावलं होतंस."

"अरे वेड्या," आई म्हणाली, "त्या बाईंच्या आजीनं चर्चमध्ये जाऊन जाऊन एवढं सांभाळलं, आणि तू ठेचा खाऊन आलास?" सूप उचलून ती आत निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात हैफाहून पत्र आलं, मोठाल्या देवनागरी अक्षरांतलं. 'पोचले. भाऊ उलसा (थोडासा) बरा हाय. प्रार्थना कुनी इचारली न्हाई. त्यानं पयल्या दिवशी इचारलं, आजीसारखं मटन येतंय का.' आता आई नाही, बाईही असतील की नाही ठाऊक नाही. ते पत्र मात्र मी जपून ठेवलं आहे आणि अधूनमधून काढून वाचतो. वाचलं की बोरीची बाभळ आठवते, लुगडी वाळत घातलेले कोरीव दगड आठवतात आणि ताटावर आडवा धरलेला माझा हात आठवतो. तो हात आज मला परत घ्यावासा वाटतो.

पाट बाईंनी नेला नाही, गंगाबाईंना दिला. नंतर एकदा वसंतराव त्यांच्या वाड्यावर (धनगरांच्या वस्तीवर) जेवायला गेला होता, त्यानं लिहिलं होतं. नवी सून मटणाला मीठ चोळत होती. एवढा खटाटोप कशाला, असं तिनं सासूला विचारलं. गंगाबाईंनी चुलीवरून मानही वर केली नाही.

"आमच्यात असंच करत्यात," त्या म्हणाल्या.