चेअरमनच्या ग्रिलमधला दुधी

मला कुणी ‘मेंटर’ म्हटलं की माझी कॉलर आपोआप ताठ होते, त्यातूनच हे सगळं झालं. माझी मैत्रीण स्मिता वसई पूर्वेला गोखिवऱ्यात राहते आणि सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाला पिकवते, अफगाणिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या तरुण मुलांना सोबत घेऊन. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. “आठवडाभर ये, झाडांना पाणी घाल आणि पोरांना जरा मार्गदर्शन कर,” म्हणाली. मार्गदर्शन! मी नाशिकहून निघालेसुद्धा. माझ्या घरी मनी प्लांटही टिकत नाही हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गाडीने जाणार असाल तर कसारा घाट उतरून भिवंडी, आणि तिथून कामण-चिंचोटीमार्गे वसई. नकाशावर हा शेवटचा टप्पा बोटभर दिसतो. अजिबात विश्वास ठेवू नका. गणपती नुकतेच गेले होते, खड्डे मात्र मुक्कामाला होते. माझ्या डब्यातल्या दशम्यांचा चुरा झाला. चिंचोटीला थांबून चहा घ्या, कंबर जागेवर आहे का बघा आणि मगच पुढे जा.

गच्चीवर पोचले तर पालकाच्या वाफ्यात एक बोका निवांत झोपलेला. त्याचं कारण वाफ्यातच होतं. कुंड्या महाग पडतात म्हणून स्मिताने मासळी बाजारातल्या थर्माकोलच्या खोक्यांचेच वाफे केले होते, आणि ते कितीही धुतले तरी बोंबलाचा वास जाईना. त्यामुळे गोखिवऱ्यातल्या समस्त मांजरांना शेतीची गोडी लागली होती.

तिथे फरझाना आणि तिचा धाकटा भाऊ हमीद भेटले. दोघं आईबरोबर जूचंद्रला भाड्याच्या खोलीत राहतात आणि शेअर रिक्षाने येतात. हमीद मराठी शिकला वॉचमनकडून, त्यामुळे मलाही “काय भाऊ, बरंय ना?” म्हणाला. मी लॅपटॉप उघडून रात्र जागून केलेलं भाषण सुरू केलं. पहिलाच प्रश्न झोकात टाकला, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

फरझाना हसायला लागली. “मॅडम, पाच महिन्यांचं विचारा ना.”

मग तिने सांगितलं. इथे आल्यापासून सारख्या खोल्या बदलाव्या लागल्या. जाईल तिथे ती काहीतरी लावते, आणि फळ धरायच्या आत सामान बांधायची वेळ येते. “अपने हाथ का लगाया हुआ मैंने कभी खाया नहीं, मॅडम.” लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

या वेळी मात्र तिच्या वेलाला दुधी धरला होता. वीतभर, कठड्यावरून खाली लोंबणारा. पण रविवारी सोसायटीची मीटिंग होती. गच्चीच्या बरोबर खाली राहणारे चेअरमन सावंतकाका लीकेजच्या धास्तीने आणि मांजरांच्या वैतागाने गच्ची बंद करायच्या मागे लागले होते. “बंद तर बंद, पण दुधी खाऊन,” असं आम्ही ठरवलं. शनिवारी दुधी कापायचा.

शुक्रवारी मेथीचं बी आणायला वसई गावाजवळ ‘होळी बाजार’ नावाच्या मंडईत गेलो. तिथे वाडीवाल्यांची ताजी भाजी आणि केळी मिळतात, सकाळी लवकर जा. भाजीवाल्या मावशींनी हमीदला न्याहाळलं.

“कुठचा रे तू?”

“अफगाणिस्तान.”

“म्हणजे विरारच्या पुढे?”

“हो मावशी. बरंच पुढे,” हमीद गंभीरपणे म्हणाला. मावशींनी, एवढ्या लांबून आला म्हणून, दोन केळी जास्त घातली.

शनिवारी सकाळी बघतो तर दुधी गायब! कठड्यावरून वाकून पाहिलं. वेल सावंतकाकांच्या खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये शिरला होता आणि आत दुधी असा काही फुगला होता की गजांतून बाहेर निघणं अशक्य. शिवाय त्याच्याखाली पांढऱ्या कापडाची झोळी बांधलेली. मी कठड्यावर पालथी पडून आकडीच्या काठीने देठ ओढत होते, हमीदने माझे पाय धरले होते, तेवढ्यात खिडकी उघडली.

“ओ बाई! हात लावू नका त्याला! माझ्या ग्रिलमध्ये आलाय, माझा आहे.”

खिडकी धाडकन बंद झाली. फरझाना वाफ्यातलं तण उपटत बसली. मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. काकांनी घसा खाकरून “गच्चीवरील शेती तात्काळ—” एवढंच वाचलं, आणि मागून काकूंचा आवाज आला.

“आणि तुमच्या बाळाचं काय?”

“कुठलं बाळ?”

“ज्याला धडधाकट बनियन फाडून झोळी बांधलीत! रोज चहाचा कप घेऊन गप्पा मारता त्याच्याशी. मुळं वर आहेत त्याची. गच्ची बंद केलीत की सुकला तो.”

अख्खी सोसायटी खो खो हसली. काका टोमॅटोसारखे लाल. मग बरीच वादावादी होऊन ठरलं, खोके जाऊन ड्रम येतील, तेही लोखंडी स्टँडवर. गच्ची राहिली.

काकांनी आम्हाला घरात नेलं आणि सुरी फरझानाच्या हातात दिली. “घे, काप. तुझाच आहे,” म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं होतं. फरझानाने दुधीला नख लावून पाहिलं. कोवळा होता, भाजी झकास झाली असती. तिने सुरी खाली ठेवली.

“काका, हा बियाण्याला ठेवूया.”

“अगं, खायचा होता ना तुला?”

“खायला मागून दोन येतायत. पण जूनमध्ये लावायला बी लागेल ना.”

काकांनी झोळीची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, “मग मी मेमध्येच दोरी बांधून ठेवतो. चढायला सोपं.”

मी वसईच्या वाळवलेल्या केळ्यांचं, म्हणजे सुकेळ्यांचं पाकीट आणि दुखरी कंबर घेऊन नाशिकला परतले. घरच्यांनी विचारलं, काय शिकवलंस? काय सांगणार, कपाळ! परवा फरझानाचा फोन आला. मागच्या दोन्ही दुधींची भाजी झाली, एक वाटी काकांकडे गेली, आणि ग्रिलमधला आता वाळून खुळखुळतोय.

“मॅडम, तुमचा तो सवाल परत विचारा ना.”

“पाच वर्षांनी कुठे असशील?”

“ते नाही माहीत,” ती म्हणाली. “पण जूनमध्ये गच्चीवर.”