मुळाप्रमाणे

लायब्ररीत लोक काय वाटेल ते विसरून जातात. छत्री, चष्मा, पानाचा डबा. एकदा तर एक गृहस्थ आपल्या सासऱ्यांनाच वर्तमानपत्रांच्या टेबलाशी विसरून घरी गेले होते. या गोष्टी न्यायला लोक परत येतात, पण किस्से न्यायला कोणी येत नाही. ते आमच्याकडेच साठत राहतात. माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से एकाच माणसाचे आहेत आणि त्या माणसावर मी जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे एखादा तिरका शब्द आला तर तुम्ही समजून घ्याल.

तो माणूस म्हणजे सेतुमाधव राव. पन्नासच्या दशकात कुंभकोणमच्या एका लहानशा लायब्ररीत आम्ही दोघे एकाच दिवशी हंगामी कारकून म्हणून लागलो. दोघेही तंजावरी मराठी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. लायब्रेरियन होते वैद्यनाथ अय्यर, त्यांना सगळे नुसतं 'सार', म्हणजे 'सर', म्हणत. पहिल्याच दिवशी सारनी आम्हाला समोर उभं करून सांगितलं, "पक्की जागा एकच आहे. वर्षाअखेरी तंजावरहून ऑर्डर येईल, दोघांपैकी एकाच्या नावाची."

त्या दिवसापासून सेतूने टेबल पुसलं तरी मला त्यात डाव दिसायला लागला.

* * *

आमचं काम सभासदांची कार्डं लिहिण्याचं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा, घर नंबर, गल्ली, ओळखीची खूण. एका घरात नऊ सभासद असले की तीच गल्ली नऊ वेळा लिहायची. त्यात त्या मंडळींनी घर बदललं की नऊही कार्डं खोडून पुन्हा लिहायची. मी सहा महिने मुकाट्याने लिहीत होतो. माझं अक्षर चांगलं आहे, हे सारच्या लक्षात येईल अशी माझी आशा होती.

सेतूचं अक्षर कोंबडीचे पाय! कंटाळा करता करता त्याला एक युक्ती सुचली. प्रत्येक घराचं एक मूळ कार्ड करायचं, घरातल्या कर्त्या माणसाच्या नावाने. बाकीच्यांच्या कार्डांवर फक्त जे वेगळं असेल तेवढं लिहायचं. जे वेगळं नाही तिथे एकच शब्द, 'मुळाप्रमाणे'. घर बदललं की मूळ कार्ड तेवढं बदलायचं, बाकीची आपोआप बदलली.

सारनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "सेतू, हे इतकं सोपं आहे की कोणालाही सुचायला हवं होतं."

'कोणालाही' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. त्या संध्याकाळी घरी बायकोने दिलेली कॉफी मला कडू लागली. तिने चव घेऊन पाहिली, तर साखर बरोबर होती.

* * *

युक्ती सेतूची असली तरी ती राबवण्यात आपण पुढे राहायचं असं मी ठरवलं. एका दिवसात पन्नास कार्डं. जिथे जागा दिसेल तिथे 'मुळाप्रमाणे' लिहीत सुटलो.

आठवड्याने कामाक्षी नावाची सहा वर्षांची मुलगी आजोबांचं बोट धरून चित्रांचं पुस्तक मागायला आली. आमच्या शिपायाने तिचं कार्ड काढलं आणि मूळ कार्डाशी ताडून वाचलं. वय बासष्ट. धंदा, निवृत्त पोस्टमास्तर. ओळखीची खूण, डाव्या कानात केस.

शिपाई नियमाचा पक्का. त्याने पोरीला निवृत्त मंडळींच्या खुर्चीवर बसवलं आणि समोर सरकारी गॅझेट ठेवलं.

सार माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी सेतूला बोलावलं आणि विचारलं, "कोणत्या गोष्टी वारशाने येतात आणि कोणत्या येत नाहीत, याची एक यादी याला लिहून देशील का?"

त्याने ती लिहून दिली. त्या घाणेरड्या अक्षरात लिहिलेली यादी पुढे कित्येक महिने माझ्या टेबलावर चिकटवलेली होती.

* * *

बायकांची कार्डं लिहिणं फार अवघड. नवऱ्याचं नाव कोण तोंडाने घेणार?

आमच्यातल्या सुंदराबाई एकदा आल्या. सार स्वतः लिहायला बसले होते आणि मी त्यांना मराठीचं तमिळ करून सांगत होतो. माझा एक कान मात्र पलीकडे, सेतू कोणाशी काय बोलतो आहे तिकडे.

"बाई, नवऱ्याचं नांव सांगा," मी म्हणालो.

बाई लाजल्या. म्हणाल्या, "ते नव्हे का, विटेवर उभे असतात. कंबरेवर हात ठेवून."

मी जसंच्या तसं तमिळ केलं. सारनी मान डोलावली आणि लिहिलं. कार्ड वाळत ठेवलं तेव्हा पलीकडून सेतू उठून आला, कार्ड बघितलं आणि हसायला लागला. सारनी धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वीटभट्टीवर मुकादम'. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी.

"सार, यांच्या नवऱ्याचं नाव विठ्ठलराव. शाळेत ड्रॉइंग मास्तर आहेत," सेतू म्हणाला.

घरात रोज विठ्ठलाची आरती म्हणणाऱ्या मला ते कळलं नाही आणि पलीकडच्या टेबलावर बसलेल्याला कळलं. सारनी माझ्याकडे पाहून फक्त चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी खुद्द विठ्ठलराव आले. जुनं कार्ड मागून घेतलं, शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "मुकादम नाहीं. पण घरांत उभा असतों, तें खरं."

* * *

तिरुनीलक्कुडीहून एक म्हातारे शेतकरी पेरियसामी यायचे. ओळखीची खूण विचारली तर भडकले. "मला कोण ओळखत नाही?" सेतूने निमूटपणे लिहिलं, 'खूण : सगळे ओळखतात'. पुढच्या खेपेला नवीन शिपायाने त्यांना दारात अडवलं. पेरियसामींनी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. शिपायाने वाचलं, घाबरून नमस्कार केला आणि आत सोडलं.

मी सहा वर्षांच्या पोरीला पोस्टमास्तर केलं तर ती चूक, आणि याने असलं काही लिहिलं तरी ते चालून जायचं. याला काय म्हणायचं?

* * *

एकदा पुण्याचे एक प्राध्यापक गोडबोले आले, जुने मोडी कागद बघायला. दोन आठवडे राहणार होते म्हणून त्यांचं कार्ड केलं. त्यांनी कागदावर 'गोडबोले विनायक' असं लिहून दिलं. आमच्याकडे पद्धत अशी की आधी वडिलांचं नाव, तेही पहिल्या अक्षरापुरतं, आणि मग आपलं. तेव्हा मी कार्ड केलं 'जी. विनायक, वडिलांचे नाव गोडबोले'. प्राध्यापकांना काय वाटलं असेल ते सोडा. पण तेही सेतूने दुरुस्त केलं आणि कार्डात 'आडनाव' असा नवा रकाना घातला. आमच्या घरांची विसरलेली आडनावं लोक त्यानंतर आज्यांना विचारू लागले.

पण माझं खरं दुःख वेगळंच आहे. पुण्याचा माणूस येणार म्हणून मी आठ दिवस पुण्याच्या मासिकांतून शुद्ध मराठी घोटत होतो. सेतूने काहीच केलं नाही. तो आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "तुम्हांस कोणतें पुस्तक होणा?"

'होणा' म्हणजे 'हवं'. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. प्राध्यापक मात्र खुर्चीतून उठले. "अहो, हे तर माझ्या कागदांतलं मराठी! बोला, अजून बोला," असं म्हणून त्यांनी सेतूला शेजारी बसवून घेतलं, आणि अर्धा दिवस तो जे बोलेल ते वहीत उतरवून घेत होते.

जाताना ते माझ्याकडे वळले. माझा खांदा थोपटून म्हणाले, "तुमचंही कौतुक आहे हं. तमिळ माणूस असून मराठी किती छान शिकलात!"

* * *

वर्ष संपत आलं होतं. सेतू खेड्यातल्या वाचकांसाठी पुस्तकांची पेटी घेऊन आडुतुरैला गेला होता आणि नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. सारना ताप भरला होता, म्हणून लायब्ररी दाखवायला मी एकटाच.

साहेबांनी कार्डांचा खण ओढला. एक मूळ कार्ड काढलं, त्याच्या मागची आठ कार्डं काढली, 'मुळाप्रमाणे' वाचलं. मग एकदा हसले, आणि मला त्या हसण्याचा अर्थ कळला. पक्की जागा त्या खणात होती.

"ही पद्धत कोणाची?"

सेतूचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण गेलं वर्षभर त्याचं नाव ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी म्हणालो, "माझी, सार."

"नाव?"

"टी. एस. राव." टी म्हणजे माझे वडील तुळजाराव, एस म्हणजे मी, श्रीनिवास ऊर्फ चीनू. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण पश्चात्तापाने नव्हे. पक्क्या नोकरीची पहिली पायरी चढलो होतो, म्हणून.

महिन्याभरात ऑर्डर आली. सारनी आमच्यासमोरच लखोटा फोडला आणि मोठ्याने वाचलं. 'सभासद कार्डांची नवी पद्धत तयार करणारे टी. एस. राव यांना कायम करण्यात येत आहे.' मी उठायला म्हणून खुर्ची मागे सरकवली.

सार उठून सरळ सेतूकडे गेले आणि त्याचे दोन्ही हात धरले. "ज्याची पद्धत त्यालाच मिळाली. न्याय झाला."

सेतूचे वडील त्र्यंबकराव. टी. सेतुमाधव राव, टी. एस. राव. वर्षभर मी गावातल्या हजार माणसांची इनिशियल्स लिहीत होतो आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याची इनिशियल्स काय आहेत हे कधी बघितलंच नव्हतं. तोंड उघडावं तर काय सांगणार? साहेबांनी माझं नाव लिहिलं आहे, कारण मी खोटं बोललो?

सार पेढे आणायला शिपायाला पाठवायला बाहेर गेले. सेतू माझ्याजवळ आला. वर्षभरात त्याचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"चीनू, साहेब आले तेव्हां मी आडुतुरैला होतों. माझं नांव तूंच सांगितलास ना?" तो म्हणाला. "दुसरा कोणी असता तर आपलं सांगता."