जिन्यातली काच

आमच्या वहिनी दहा वर्षं नगरसेविका होत्या, आणि त्या दहा वर्षांत त्यांना सुखाने झोप लागली असेल असं मला वाटत नाही. काळजी करणं हा त्यांचा मूळ स्वभाव. माझा भाऊ म्हणायचा, "हिला काळजीचा पगार मिळाला असता तर मी नोकरी सोडली असती." त्यांच्याकडे तक्रारींची एक जाड वही होती. नळ दुरुस्त झाला, दिवा लागला, शाळेच्या मागची भिंत बांधून झाली, की त्या ओळीपुढे एक खूण. महिन्याभराने स्वतः जाऊन पुन्हा बघितलं की दुसरी. दुसरी खूण होईपर्यंत काम झालं असं त्या मानायच्याच नाहीत. लोक हसायचे, पण मत त्यांनाच द्यायचे.

मी छापखाना चालवतो, त्यामुळे तिसऱ्या निवडणुकीआधी त्यांच्या कामाचा अहवाल छापायचं काम ओघानेच माझ्या गळ्यात पडलं. चोवीस पानांचं पुस्तक. त्यातलं सातवं पान सगळ्यांत मोलाचं, असं माझं मत होतं. ते पान चार मजली इमारतीचं.

त्याच्या आदल्या वर्षी नगरपालिकेने त्या इमारतीवर नोटीस चिकटवली होती: इमारत धोकादायक आहे, पंधरा दिवसांत रिकामी करा. सोळा बिऱ्हाडं आणि तळमजल्यावर फ्रेमवाल्या काकांचं दुकान. सगळे वहिनींच्या दारात येऊन बसले. जायचं कुठे, हा एकच प्रश्न, आणि त्याला उत्तर नव्हतं. वहिनींनी आठ दिवस नगरपालिकेत चकरा मारल्या. शेवटी तिथला इंजिनियर एका अटीवर नोटीस थांबवायला तयार झाला. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग होती. तिच्यावर त्याने बोटाएवढी काचेची पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट बसवली.

"भिंत सरकली तर आधी ही काच फुटेल," तो म्हणाला. "काच फुटली, की त्याच दिवशी सगळे बाहेर. लिहून द्या."

वहिनींनी लिहून दिलं. काच रोज बघायचं काम त्यांनी काकांवर सोपवलं. चाळीस वर्षं काच कापणारा माणूस, त्याच्यापेक्षा लायक कोण? शिवाय दर सोमवारी त्या स्वतः जायच्या. दर सोमवारी काच धडधाकट. इंजिनियरची बदली झाली, नगरपालिका विसरून गेली, वहिनी मात्र विसरल्या नाहीत.

सातव्या पानावर टाकायला फोटो हवा म्हणून एका बुधवारी सकाळी मी त्यांना जिन्यात उभं केलं. "काचेकडे बोट दाखवा, आणि जरा हसा," म्हटलं. हसणं काही त्यांना जमत नव्हतं. बोट मात्र त्यांनी नेमकं प्लास्टरवर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाला पांढरं लागलं होतं.

"भावजी, हे ओलं कसं?"

मी हात लावला. ओलंच होतं.

आम्ही खाली दुकानात गेलो. काका एका लग्नाच्या फोटोला फ्रेम चढवत होते. वहिनींनी बोट पुढे केलं. काकांनी चष्मा वर सारला, बोट बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "फुटली होती, बदलली. फुटलेली काच बदलणं हा माझा धंदाच आहे, ताई."

"कितव्यांदा?"

काका बोटं मोजू लागले. पहिली थंडीत फुटली. दुसरी त्यानंतर दोन महिन्यांनी. मग महिन्याने. मग दहा दिवसांनी एक. "आणि परवा बसवलेली, ती काल..." इथे त्यांचा आवाज खाली गेला. इतके दिवस प्रत्येक काच त्यांनी सुटी सुटी पाहिली होती. सगळ्या एका दमात त्यांनी त्या दिवशीच मोजल्या असाव्यात.

"मला का नाही सांगितलंत?" वहिनींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"पहिल्यांदा फुटली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीची परीक्षा तोंडावर होती. मग वरती बाळंतपण निघालं. मग हे तुमचे भावजी म्हणाले, तुमच्या पुस्तकात आमच्या बिल्डिंगचं पान आहे. ते छापायला निघालेलं, आणि मी कुठल्या तोंडाने सांगू?"

खरं होतं. मीच चहा पिताना त्यांच्याकडे फुशारकी मारली होती.

वहिनींनी तिथूनच नगरपालिकेत फोन लावला. उद्या अर्ज आणून द्या, बघू, असं उत्तर आलं. फोन ठेवून त्या सरळ जिना चढायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, वर जाऊ नका." त्यांनी ऐकलंच नाही. मी गेलो मागून, पण प्रत्येक पायरीवर आधी एक पाय टेकवून बघत होतो, हे कबूल करतो.

प्रत्येक दारावर तेच. आत्ताच्या आत्ता बाहेर, कागदपत्रं घ्या, औषधं घ्या, बाकी राहू दे. दुसऱ्या मजल्यावरची बाई, त्या परीक्षेवाल्या मुलीची आई, दार अडवून उभी राहिली.

"तुम्हीच म्हणालात ना, राहा म्हणून?"

"हो, मीच म्हणाले. आता मीच म्हणतेय, निघा."

"मतं मागायला या आता. दाखवतोच."

"दाखवा. पण आधी खाली उतरा."

भिंतीवरून हात फिरवत, पोरांना पुढे घालत, शिव्या देत लोक उतरले. दोन म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणावं लागलं. समोरच्या शाळेच्या बाईंनी सभागृह उघडून दिलं. दुपारी दोनपर्यंत सोळाच्या सोळा बिऱ्हाडं तिकडे पोचली. वहिनींनी डोकी दोनदा मोजली. एक माणूस कमी होता.

काका दुकानातच होते. स्टुलावर बसून त्याच लग्नाच्या फोटोला खिळे ठोकत होते.

"मी कुठे जात नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पडायचंच असेल तर पडू दे माझ्या डोक्यावर."

वहिनी आत गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. "बरं. मग मीही बसते."

"ताई, उठा."

"तुम्ही उठलात की उठते."

मी दाराबाहेर उभा. आत पाऊल टाकायला धजत नव्हतो आणि लांब जायची लाज वाटत होती. भावाला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो. वर कुठेतरी काहीतरी करकरलं. दार असेल, पाट असेल, देव जाणे. टेबलावरच्या काचेवर चुन्याची बारीक भुकटी पडली. काकांनी सवयीने ती फडक्याने पुसली. पुन्हा पडली. तेव्हा त्यांनी वर बघितलं, मग वहिनींकडे बघितलं, काच कापायचं हत्यार खिशात टाकलं आणि उठले. वहिनी त्यांच्या मागून बाहेर आल्या. आम्ही तिघांनी रस्ता ओलांडला.

इमारत त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही पडली नाही. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेने येऊन तिला कुलूप ठोकलं आणि ती तशीच उभी राहिली. लोक नातेवाइकांकडे, मिळेल त्या खोलीत पांगले. जो तो विचारू लागला, "उभीच आहे की, कुठे पडली?"

वहिनींनी मला सातवं पान बदलायला सांगितलं. नवा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: ही इमारत रिकामी करण्याची नोटीस मी थांबवली. ती माझी चूक होती. काच पाच वेळा फुटली आणि मला कळलं नाही. काच बघण्याची जबाबदारी माझी होती. काकांचा उल्लेख कुठेच नाही.

"वहिनी," मी चिडून म्हणालो, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे खूप बघितले. त्याच्या दोन हजार प्रती काढणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"अडीच हजार काढा," त्या म्हणाल्या.

अहवाल वाटून झाल्यावर शाळेच्या त्याच सभागृहात वॉर्डाची सभा भरली. इमारतीतले सगळे आले होते. दुसऱ्या मजल्यावरची बाई पुस्तक हातात घेऊन उठली.

"पाच वेळा काच फुटली आणि तुम्हाला दिसली नाही? दर सोमवारी यायचात ना?"

"यायचे," वहिनी म्हणाल्या. "नीट बघितलं नाही मी."

मागच्या रांगेतून काका उभे राहिले. "खोटं बोलतायत त्या. त्यांनी नीट बघितलं. फुटलेली काच त्यांना दिसायच्या आत मी बदलत होतो."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काका त्या बाईकडे वळले. "आणि तू त्यांना काय विचारतेस? जिन्यातले तुकडे सुपलीत भरून तूच आणून दिलेस ना? एकदा नाही, तीनदा. पोरं अनवाणी फिरतात म्हणालीस."

बाईचा चेहरा उतरला. तिने आजूबाजूला बघितलं. सोळा बिऱ्हाडांतलं एकही माणूस मान वर करेना. तेव्हा मला कळलं, सगळ्यांना माहीत होतं. रोज त्याच जिन्यातून चढत-उतरत होते सगळे.

"हो, दिले," बाई शेवटी म्हणाली. तिचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. "पण आम्हाला वाटलं, ताई, काकांनी तुम्हाला सांगितलं असेल. आणि तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणजे राहायला हरकत नाही. तुम्ही गप्प होतात, म्हणून तर आम्ही पोरांना घेऊन झोपत होतो तिथे."

 वहिनी टेबलाची कड धरून खाली बसल्या.