बेहालातला साक्षीदार

“हे रशियन लेखक माणसाला सोडत नाहीत हो,” असं म्हणून ते जाडजूड कादंबरी मिटायचे, पण अंगठा पानातच ठेवायचे.

कोलकात्याच्या बेहाला भागात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे सांगलीचे, तिथल्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुरक्षेचे अधिकारी. मी बँकेच्या बदलीवर आलेलो. इमारतीत मराठी घरं दोनच, त्यामुळे रविवारचा चहा त्यांच्याकडे ठरलेला. चहा गार व्हायचा आणि ते विचारत राहायचे, पाप लपलं तर शिक्षा कोण करतं? वहिनी आतून म्हणायच्या, भावजी, त्यांना दुसरं काहीतरी विचारा. अशी पुस्तकवेडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि पोहे संपवतो.

एका रविवारी मात्र ते स्वतःबद्दल बोलले. कारखान्यात एका कामगाराचा हात यंत्रात गेला होता. यंत्राची संरक्षक जाळी मोडलेली आहे, हे यांना आधीपासून माहीत होतं. तरी साहेबांनी सुचवलं म्हणून चौकशीत त्यांनी जाळी शाबूत असल्याचं सांगितलं. मुलगी बारावीला, फ्लॅट कंपनीने दिलेला. चूक कामगाराची ठरली आणि तो भरपाईविना घरी बसला.

पुढच्या आठवड्यात ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, बराकपूरला त्याच्या घरी गेले आणि सगळं कबूल केलं. बोलली त्याची बायको. “तुमचं ओझं उतरलं. आता ते आम्ही कुठे ठेवायचं?”

त्यानंतरच्या रविवारी हे मला सांगून ते म्हणाले, “कादंबरीत कबुलीपाशी माणूस सुटतो. मला वाटलं, मीही सुटेन.”

मग कामगाराने भरपाईसाठी लावलेल्या खटल्यात त्यांनी कामगार न्यायालयात खरी साक्ष दिली. नोकरी गेली, पाठोपाठ फ्लॅट गेला. वहिनी मुलीला घेऊन सांगलीला गेल्या. भांडून नव्हे, पण परत येण्याचं काही बोलल्या नाहीत. खटला संपेना. कंपनीचा वकील पुढची तारीख मागायचा आणि यांची उलटतपासणी लांबत जायची. बेहालातच एका वर्कशॉपच्या मागे खोली घेऊन ते शिकवण्या करू लागले.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. खोलीला एकच खिडकी, उघडली की समोर भिंत. माझ्याबरोबर चला, तारखेपुरतं येऊन जा, असं मी म्हटलं.

ते म्हणाले, “एकदा गेलो, तर परत यायचो नाही. मी मला ओळखतो.”

मेट्रोच्या जिन्यापर्यंत ते सोडायला आले. वर जाऊन मी खाली पाहिलं, तर रस्ता ओलांडून ते खोलीकडे निघाले होते. भरभर चालत होते, घरी कुणी वाट बघत असल्यासारखे.