हेर ब्रांडलच्या पिंपातली बिअर

"थांबलं का?" हेर ब्रांडलनी तळघराच्या जिन्यावरून विचारलं.

मी वाकून पाहत होतो. हायड्रोमीटर उभ्या नळीत तरंगत होता आणि कालच्यापेक्षा किंचित आणखी बुडाला होता. म्हणजे आंबणं थांबलं नव्हतं. बाजूला फ्राउ ब्रांडलनी बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मुलीचा पोल्टरआबेंड तीन आठवड्यांवर आला होता. लग्नाआधीच्या त्या संध्याकाळी शेजारीपाजारी दारात जुन्या कपबशा फोडतात आणि मुलीचा बाप त्यांना बिअर पाजतो. या बापाला ती स्वतःच्या हातची पाजायची होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. म्युनिकजवळच्या एका ब्रूअरीच्या लॅबमध्ये मी ट्रेनी केमिस्ट होतो. हेर ब्रांडल माझे लॅबप्रमुख, आणि त्यांच्याच माळ्यावरच्या खोलीत मी भाडेकरू. रात्रीचं जेवण त्यांच्या बायकोकडे, फ्राउ ब्रांडलकडे; नवरा त्यांना रेझी म्हणे. मी मांस खात नाही म्हटल्यावर या बाईंनी माझ्यासाठी वेगळं सूप करायला सुरुवात केली, ती मी जाईपर्यंत.

मी मोजत होतो ती ग्रॅव्हिटी, म्हणजे रसाचा जडपणा, काय ते सांगतो. साखर विरघळलेला रस पाण्यापेक्षा जड असतो. यीस्ट ती साखर खातं, दारू आणि वायू होतो, रस हलका होत जातो. हायड्रोमीटर म्हणजे बुडाशी वजन असलेली काचेची नळी. रस हलका झाला की ती जास्त बुडते. आकडा उतरायचा थांबला की बाटल्या भरायच्या. त्याआधी भरल्या तर आत वायू साठत राहतो आणि बाटली हातात फुटते.

मोजायला पिंपातून पेलाभर रस काढावा लागतो. मोजून झाल्यावर तो रस प्यायचा किंवा मोरीत ओतायचा. परत पिंपात घालायचा नाही, बाहेरची घाण आत जाते. लॅबमध्ये मी तो रोज बेसिनमध्ये ओतत असे. तिथे ते सॅम्पल होतं.

हेर ब्रांडल कामासाठी आठवडाभर हॅनोव्हरला गेले आणि रीडिंग माझ्यावर सोपवून गेले. तळघरात त्या बाईंनी ढवळलेलं, मुलीच्या लग्नासाठी केलेलं, म्हणजे ते अन्न झालं. मी दारूला तोंड लावत नव्हतो, आणि अन्न मोरीत ओतायला हात धजेना. ताटात भाताचं शीत उरलं तरी आई बोलायची, अशा घरातला मी. रोज मोजून झालं की पेला अलगद पिंपात रिकामा करायचो. नळीही उकळत्या पाण्यानं न धुता नुसती नळाखाली धरलेली असायची.

हेर ब्रांडल परतले, त्यांनी पिंपाचं झाकण उचललं आणि तळघरातून आवाज आला, "आंबट!"

मी माळ्यावर होतो. लाकडी घर, सगळं ऐकू यायचं.

"रेझी, पिंप घासलं होतंस ना?"

"दोनदा घासलं. उकळत्या पाण्यानं."

"मग हे कुठून आलं? आकाशातून?"

"तुझ्या त्या मोठ्या नाकातून पडलं असेल!"

एरवी अशा उत्तरावर ते हसायचे. या वेळी दार आपटलं. पुढचे काही दिवस जेवताना दोघं फक्त माझ्याशी बोलत होती. तिसऱ्या दिवशी फ्राउ ब्रांडल रिकाम्या हंड्या, चमचे, पळ्या पुन्हा घासत बसलेल्या दिसल्या. "माझंच काहीतरी राहिलं असणार," मला म्हणाल्या. खरं कारण मला कळलं होतं, तरी मी सूप प्यायलो आणि वर गेलो.

तर आता जिन्यावरून 'थांबलं का?' हा प्रश्न आला होता. हेर ब्रांडलनी आशा सोडली नव्हती. थोडी आंबट असली तरी चालेल, थांबली की भरू, असं त्यांनी ठरवलं होतं. 'थांबलं' म्हटलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. आणि बाटल्या पोल्टरआबेंडला पाहुण्यांच्या हातात फुटल्या असत्या. बाहेरचे जंतू यीस्टला न पचणारी साखरही खात बसले होते.

"नाही थांबलं," मी म्हणालो. "थांबणारही नाही. मी रोज सॅम्पल परत ओतत होतो."

ते खाली आले. पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पिऊन का नाही टाकलंत?"

"मी पीत नाही."

"मग ओतून द्यायचं!"

"अन्न आहे, हेर ब्रांडल."

ते पायरीवर टेकले. मग असे हसले, की फ्राउ ब्रांडल धावत खाली आल्या. "रेझी, हा माणूस तुझ्या बिअरला इतका मान देतो की त्यानं तिचा जीव घेतला!" आणि मग गंभीर होऊन बायकोला म्हणाले, "माफ कर मला."

"आल्झो, तर मग," त्या हात पुसत म्हणाल्या, "हे सगळं पिंप तूच उपसायचंस."

ते आणि मी, दोघांनी उपसलं. पोल्टरआबेंडला ब्रूअरीतून पिंपं आणली.

भांडी आवरताना फ्राउ ब्रांडलनी मला हळूच विचारलं, "त्या दिवशी आमचं भांडण वर ऐकू आलं का हो?"

मी "नाही" म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उगाच तुम्हाला वाईट वाटलं असतं."

पुढे मी कितीतरी ज्युनिअरना शिकवलं, की काढलेलं सॅम्पल परत घालायचं नाही. कारण विचारलं की जंतूंचं सांगतो. ते खरंच आहे. पण चूक कळल्यावर चार दिवस सूप पीत गप्प बसलं, की घरात जे आंबतं त्याचं रीडिंग कुठल्याही नळीत येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.