ज्वारीचा दाणा अन् एकेचाळीस मेसेज

अश्विन सरचा फोन आला तवा जाईबाई अंगणात ज्वारी वाळू घालून राहिली होती. हा सर अमरावतीच्या संस्थेतला, शिकेल पोरगा, बोलाले गोड. म्हणे, "मावशी, शनिवारी मोबाईलवर मीटिंग आहे. संस्थेला पैसा देणाऱ्या बाहेरदेशातल्या मॅडम येणार, युगांडाच्या बायका येणार. तुमचा गट बंद पडला असं सांगावं लागेल. बियाण्याच्या खोलीची किल्ली सोमवारी पाठवा."

"काहून बंद?"

"कोरोना आल्यापासून तुमचा एकही फॉर्म आला नाही. म्हणजे काम नाही."

काम नाई म्हणे. जाईबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

दर्यापूरच्या इकडच्या त्या गावात साऱ्यायनं सोयाबीन धरलं. पन जाईबाईच्या गटातल्या चौदा बायायनं जुन्या गावरान ज्वारीचं बी मडक्यात जपून ठेवलं होतं. तिकडे युगांडातल्या बायाबी ज्वारीच खातात, म्हणून संस्थेनं दोन्ही गटायची गाठ घालून देल्ली. त्या इकडे येणार होत्या, अन् मंग विमानंच बंद झाले. सरनं मोबाईलवर फॉर्म धाडला, तोबी इंग्रजीत. जाईबाईले एक अक्षर येत नाई. मंग ते हप्त्याच्या हप्त्याले सरच्या नंबरवर माइकचं बटन दाबे अन् बोले. कोन्या मडक्यात काय हाय, कोनतं बी पेरलं, कोन्या बाईच्या घरी ताप हाय, सारं सांगे. एकेचाळीस मेसेज झाले.

युगांडातल्या गटाची मोठी बाई अपियो. तिलेबी वाचता येत नाई. पावसाळ्यात तिच्या बियाले किडे लागले. जाईबाईची नात पायल अकोल्याच्या कॉलेजात शिके, कॉलेज बंद झालं म्हणून घरीच होती. ते इंग्रजीत बोले अन् तिकडची एक मास्तरीण अपियोले समजावून सांगे.

"बी वाळलं का म्हणून इचार," जाईबाई म्हणे.

"वाळलं म्हणते, आजी."

"सारेच वाळलं म्हणतात. आन इकडे फोन."

तिनं फोन तोंडाजोळ धरला अन् ज्वारीचा दाणा दाताखाली फोडला. कट. तेवढंच धाडलं. दुसऱ्या दिवशी अपियोचा मेसेज आला. तिनंबी दाणा चावला होता, पन आवाज कसा, ओल्या लाकडावानी मुका. जाईबाईनं पायलले सांगाले लावलं, "ओलं हाय माय, अजून दोन दिवस ऊन दे." तिसऱ्या दिवशी तिकडूनबी कट आलं, तशी जाईबाई मांडीवर थाप मारून हासली. मंग राख कशी मिसळायची, कडूलिंबाचा पाला कसा घालायचा, हे एकीमेकीले सांगत दोघींचंबी बी वाचलं.

अन् हा म्हणे काम नाई.

पायलनं सरले धाडलेले मेसेज पाह्यले. "आजी, त्यानं एकबी आयकला नाई. आयकला असता तं हा माइक निळा झाला असता."

"एकबी नाई?"

"एकबी नाई."

जाईबाईनं हातातलं सूप असं आपटलं का दाणे पार ओट्याखाली गेले.

शनवारी साऱ्या बाया लिंबाखाली तोंड बांधून दूरदूर बसल्या. फोन पालथ्या मडक्यावर ठेवला. सर इंग्रजीत बोलून राहिला होता अन् पायल हळूच सांगून राहिली होती, "म्हणते, या बाया अडाणी हायेत, यायले मोबाईल जमत नाई, गट मेला."

जाईबाई बोलाले लागली. तोंड हाले, पन तिकडे कोनालेच आयकू जाये ना.

"त्यानं आपला आवाज बंद केला, आजी. मी हात वर केला, थो पाहूनच नाई राहिला."

रागानं जाईबाईच्या डोयाले पानी आलं.

मंग अपियोची पाळी आली. तिनं एक दाणा उचलला, फोनजोळ आनला अन् चावला.

कट.

मॅडमनं इचारलं, हे काय? मास्तरणीनं पहिल्यापासून सारं सांगतलं. मॅडम म्हणे, त्या बाईचा आवाज चालू करा.

सरले करा लागला.

"सर," जाईबाई म्हणे, "मी एकेचाळीस डाव बोलली. तुमाले काम नाई पाह्यजे होतं, कागद पाह्यजे होता. मले लिहिता येत नाई हे तुमाले मालूम होतं. पन तुमाले तं आयकता येत होतं नं? बाया तापानं फनफनत होत्या, तरी मडक्यातलं बी ऊन दाखवून पुन्हा भरलं. अन् तुमी आमाले मेलं म्हणता, थेबी आमचं तोंड बंद करून?"

पायलनं हे सारं इंग्रजीत सांगतलं. एक शब्द गोड केला नाई.

मॅडम म्हणे, आतापासून यायचे बोललेले मेसेजच फॉर्म म्हणून धरा, गट चालू राहीन. किल्ली जाईबाईच्या कमरेलेच राह्यली.

दिवस मावळता सरचा मेसेज आला, बोललेला.

"आजी, माफी मांगत असंन. लावू का?"

"किती आले त्याचे?"

"एक."

"एकेचाळीस होऊ दे," जाईबाई म्हणे, अन् ओट्याखालचे दाणे येचाले बसली.